परस्परक्रिया, सांख्यिकीय

द्विमार्गी प्रचरण विश्लेषणात एका घटकाचा परिणाम दुसऱ्या घटकाच्या पातळीनुसार बदलत असेल, तर त्या दोन घटकांत परस्परक्रिया आहे असे म्हणतात. उदा., जादा नत्र दिल्याने उसाच्या एका जातीचे उत्पन्न पुष्कळ वाढले व दुसरीचे जेमतेम वाढले, तर जात आणि नत्र या घटकांत परस्परक्रिया असते. अशा वेळी जादा नत्राने किती फायदा होतो, या प्रश्नास एकच एक उत्तर देता येत नाही. कोणत्या जातीत, हे आधी सांगावे लागते. ही संकल्पना कृषिप्रयोगांतून सांख्यिकीत आली व तेथून वैद्यक, मानसशास्त्र, उद्योगधंद्यांतील गुणवत्ता नियंत्रण इ. क्षेत्रांत पसरली. तिच्या भारतातील इतिहासाशी सातारा व सांगली या जिल्ह्यांचा निकटचा संबंध आहे. कृषिसांख्यिकीचा पाया घालणाऱ्या भारतीयांपैकी एक अग्रगण्य शास्त्रज्ञ सातारा जिल्ह्यातील होते. उसाचे मध्यवर्ती संशोधन केंद्र त्याच जिल्ह्यात आहे. आणि या दोन जिल्ह्यांत जमीन व पाऊस यांची जी कमालीची विविधता आढळते, तीमुळे सरासरीवर आधारलेली शिफारस येथे पुष्कळदा अपुरी पडते.

संकल्पना : परस्परक्रियेचे स्वरूप पुढील काल्पनिक आकड्यांवरून स्पष्ट होईल. क आणि ख या उसाच्या दोन जातींना खताची नेहमीची व वाढीव अशा दोन मात्रा दिल्या. क जातीचे हेक्टरी उत्पन्न नेहमीच्या मात्रेस ११० टन व वाढीव मात्रेस ११४ टन आले. ख जातीचे अनुक्रमे ११२ व १२८ टन आले. दोन्ही जातींची सरासरी घेतली, तर नेहमीच्या मात्रेस १११ व वाढीव मात्रेस १२१ टन, म्हणजे खताचा मुख्य परिणाम १० टन दिसतो. प्रत्यक्षात मात्र १० टनांची वाढ कोणत्याच जातीत झालेली नाही. क मध्ये ती ४ टन आणि ख मध्ये १६ टन आहे. या दोन वाढींतील १२ टनांचा फरक, म्हणजे फरकांमधील फरक, हे परस्परक्रियेचे माप होय.

दोन घटकांचे परिणाम निव्वळ बेरजेने एकत्र आले असते, तर चार रकान्यांतील उत्पन्ने अनुक्रमे १०७, ११७, ११५ व १२५ टन अपेक्षित होती. प्रत्यक्ष व अपेक्षित आकड्यांत प्रत्येक ठिकाणी ३ टनांचे अधिक वा उणे अंतर पडते. या अंतरांच्या वर्गांपासून परस्परक्रियेची वर्गबेरीज मिळते. एका घटकाच्या प व दुसऱ्याच्या फ पातळ्या असल्यास तिच्या मुक्तता मात्रा (स्वतंत्रपणे बदलू शकणाऱ्या राशींची संख्या) (प – १) × (फ – १) एवढ्या असतात. वर्गबेरजेस या संख्येने भागून येणाऱ्या राशीची तुलना प्रायोगिक त्रुटीच्या प्रचरणाशी करतात व परस्परक्रिया लक्षणीय आहे की निव्वळ योगायोगाची, हे ठरवितात.

हा केवळ गणिताचा प्रश्न नाही. वाढीव खताचा खर्च ६ टन उसाच्या किंमतीएवढा आहे असे मानले, तर १० टनांच्या सरासरीवरून वाढीव मात्रा सर्वांनाच फायद्याची ठरते. परंतु ती मानून क जात लावणारा शेतकरी हेक्टरी २ टनांच्या तोट्यात येतो, तर ख जात लावणाऱ्यास १० टनांचा निव्वळ लाभ होतो. सरासरी बिनचूक असूनही तीवरून दिलेला सल्ला चुकू शकतो, तो असा.

उगम : इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे जॉन बेनेट लॉझ व जोसेफ हेन्‍री गिल्बर्ट यांनी १८४३ पासून खतांचे दीर्घकालीन प्रयोग सुरू केले. त्यांतून साठलेल्या आकडेवारीचा अर्थ लावण्यासाठी १९१९ मध्ये ⟶ रॉनल्ड एल्मर फिशर (१८९०–१९६२) यांची तेथे नेमणूक झाली. प्रचरण ही संज्ञा त्यांनी १९१८ मध्ये आनुवंशिकीविषयक निबंधात प्रथम वापरली होती. प्रचरण विश्लेषणाचा शेतावरील प्रयोगास पहिला उपयोग फिशर व डब्ल्यू. ए. मॅकेंझी यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात आढळतो. बटाट्याच्या बारा जाती वेगवेगळ्या खतांना सारखाच प्रतिसाद देतात की निरनिराळा, हा त्या निबंधाचा विषय होता. म्हणजेच प्रचरण विश्लेषणाचा जन्म परस्परक्रियेच्या प्रश्नातूनच झाला, असे म्हणता येते.

या निबंधाचा निष्कर्ष नकारात्मक होता. जातींच्या प्रतिसादांत लक्षणीय तफावत आढळली नाही. तथापि त्यातील दोन गोष्टी पुढे महत्त्वाच्या ठरल्या. पहिली अशी की, जातीचा व खताचा परिणाम बेरजेने एकत्र येतो असे मानण्यापेक्षा तो गुणाकाराने येतो असे मानणे लेखकांना अधिक सयुक्तिक वाटले. परस्परक्रियेचे अस्तित्व मापनाच्या श्रेणीवर अवलंबून असू शकते, याची ही पहिली जाणीव होय. दुसरी गोष्ट प्रयोगाच्या मांडणीची. त्यात सर्व तुलनांसाठी एकच त्रुटी धरली होती. शेताचे मोठे भाग व त्यांतील लहान वाफे यांच्या त्रुटी वेगवेगळ्या असतात, हे ध्यानात घेऊन फिशर यांनी १९२५ च्या आपल्या ग्रंथात या प्रयोगातील आकडेवारीचे विश्लेषण सुधारून दिले.

त्या काळी प्रयोगात एका वेळी एकच घटक बदलावा आणि बाकीचे स्थिर ठेवावेत, असा दंडक होता. फिशर यांनी १९२६ मधील लेखात त्यास विरोध केला. अनेक घटकांच्या सर्व जुळण्या एकाच प्रयोगात घेतल्या, तर प्रत्येक वाफ्याचा उपयोग प्रत्येक घटकाच्या तुलनेस होतो; शिवाय घटक एकमेकांचा परिणाम कसा बदलतात हे कळते. एकेक घटक बदलण्याच्या पद्धतीत ही दुसरी माहिती मुळातच मिळू शकत नाही. अशा घटकीय प्रयोगांच्या मांडणीची व विश्लेषणाची सुटसुटीत पद्धती फ्रँक येट्स यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केली. तत्पूर्वी १९३४ मध्ये अमेरिकन सांख्यिकीविज्ञ जॉर्ज स्नेडेकॉर यांनी प्रचरणांच्या गुणोत्तरास फिशर यांच्या नावाच्या आद्याक्षरावरून ‘एफ’ ही संज्ञा दिली होती.

येट्स व विल्यम कॉक्रन यांनी १९३८ मध्ये अनेक ठिकाणी व अनेक वर्षे घेतलेल्या प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणाचा विचार मांडला. एखादी जात संपूर्ण प्रदेशासाठी सुचवावयाची असल्यास, तिच्या श्रेष्ठत्वाची तुलना एका शेतातील वाफ्यावाफ्यांतील फरकाशी करून भागत नाही, तर ठिकाणानुसार ते श्रेष्ठत्व किती कमीजास्त होते त्याच्याशी, म्हणजे जात व ठिकाण यांच्या परस्परक्रियेशी, करावी लागते. पिकांच्या जातींची शिफारस करणाऱ्या कोणत्याही संस्थेच्या दृष्टीने हा विचार मूलभूत आहे.

भारतातील प्रसार : १९२९ मध्ये इंपीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्च ही संस्था स्थापन झाली व पुढील वर्षी तिचा सांख्यिकी विभाग सुरू झाला. १९३१ मध्ये ⟶ प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी कलकत्त्यास भारतीय सांख्यिकी संस्था स्थापिली. १९३७-३८ च्या हिवाळ्यात फिशर भारतात आले व जानेवारी १९३८ मध्ये कलकत्त्यास भरलेल्या पहिल्या भारतीय सांख्यिकी परिषदेत त्यांनी भाग घेतला. त्यामुळे नव्या प्रयोगपद्धतीचा येथील कृषिसंशोधकांशी प्रत्यक्ष परिचय झाला.

या पद्धतीला भारतीय शेतीच्या गरजांनुसार घडविण्याचे श्रेय प्रामुख्याने पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११–९७) आणि विनायक गोविंद पानसे यांना दिले जाते. सुखात्मे यांचा जन्म सातारा जिल्ह्यातील बुध (ता. खटाव) या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील शिक्षणानंतर ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले व तेथून १९३६ मध्ये पीएच्.डी. आणि १९३९ मध्ये डी.एस्‌सी. या पदव्या त्यांनी मिळविल्या. १९४० पासून त्यांनी कृषिसंशोधन परिषदेच्या सांख्यिकी विभागाची धुरा वाहिली. पीककापणी प्रयोगांद्वारे उत्पन्नाचा अंदाज बांधण्याची यदृच्छ नमुना पद्धती त्यांनी रूढ केली. १९५१ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत गेले. पानसे यांनी इंदूर येथील वनस्पति-उद्योग संस्थेत कापसावर संशोधन केले होते व पुढे दिल्लीत सांख्यिकी विभागाचे नेतृत्व केले. पानसे व सुखात्मे यांचा कृषिसेवकांसाठी लिहिलेला सांख्यिकी पद्धतींवरील इंग्रजी ग्रंथ परिषदेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केला. भारतातील कृषी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या घटकीय प्रयोग व परस्परक्रिया हे विषय याच ग्रंथावरून शिकल्या. परिषदेचा सांख्यिकी विभाग १९५९ मध्ये स्वतंत्र संस्थेत रूपांतरित झाला.

पाडेगाव येथील ऊस संशोधन : नीरा खोऱ्यातील पाडेगाव (ता. फलटण, जि. सातारा) येथे १९३२ मध्ये ऊस संशोधन केंद्र स्थापन झाले. दख्खनच्या कालव्यांखालील उसाचे प्रश्न हा त्याचा मुख्य विषय होता. या भागात आडसाली, पूर्वहंगामी व सुरू अशा तीन हंगामांत लागण होते. जमिनी उथळ मुरमाड जमिनीपासून खोल काळ्या जमिनीपर्यंत विविध प्रकारच्या आहेत. पाण्याच्या पाळ्यांचे अंतरही सर्वत्र सारखे नसते. त्यामुळे जात, हंगाम, जमीन, पाणी व खत यांचा एकेकटा विचार पुरेसा नव्हता. पाडेगावच्या जे. के. बसू व एस. एस. सिरूर यांनी १९३८ मध्ये नीरा उजवा व प्रवरा कालव्यांखालील जमिनींचे उत्पत्ती व स्तररचना यांनुसार वर्गीकरण प्रसिद्ध केले. जमिनींचे प्रकार वेगळे ओळखता आल्यामुळे एकच खत निरनिराळ्या जमिनींत काय करते, हा प्रश्न रीतसर विचारणे शक्य झाले.

पुंड्या व पी.ओ.जे. २८७८ या जुन्या जातींच्या जागी कोईमतूरची को ४१९ ही जात दख्खनमध्ये आली. तिच्यानंतर को ७४० व इतर जाती आल्या. प्रत्येक नव्या जातीबरोबर तिला पूर्वीचीच खतमात्रा योग्य आहे की नाही, हे तपासावे लागे. याचे उत्तम उदाहरण को ८६०३२ (नीरा) या जातीचे आहे. ही जात महाराष्ट्रात १९९६ मध्ये प्रसारित झाली. आडसाली उसास हेक्टरी ४०० किग्रॅ. नत्राची सर्वसाधारण शिफारस असताना, ही जात खतास अधिक प्रतिसाद देते म्हणून तिला २५ टक्के जादा, म्हणजे हेक्टरी ५०० किग्रॅ. नत्राची शिफारस करण्यात आली. वर दिलेल्या ख जातीसारखीच ही परिस्थिती होय. शिफारशीच्या तक्त्यात एका जातीपुरती घातलेली ही पुस्ती म्हणजे जात व खत यांच्या परस्परक्रियेचे व्यवहारातील रूप आहे.

जात व तोडणीचा महिना यांचेही असेच आहे. को सी ६७१ सारखी लवकर पक्व होणारी जात गळीत हंगामाच्या आरंभी चांगला साखर उतारा देते. उशिरा पक्व होणाऱ्या जातींचा उतारा त्या वेळी कमी असतो व पुढे वाढत जातो. कोणती जात गोड, याचे उत्तर महिना सांगितल्याशिवाय पुरे होत नाही. कारखान्याचा तोडणी कार्यक्रम जातवार आखण्यामागे हेच तत्त्व आहे.

कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी : १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. या जिल्ह्याच्या वाळवा, मिरज, पलूस इ. तालुक्यांत कृष्णेच्या काठी खोल काळ्या जमिनी आहेत. त्यांतून पाण्याचा निचरा मंद होतो. उपसा सिंचनाने मुबलक पाणी मिळू लागल्यावर पाटाने वारेमाप पाणी व त्याबरोबर भरघोस रासायनिक खत देण्याची वहिवाट पडली. भूजलाची पातळी वर येऊन क्षार पृष्ठभागी साठले आणि एके काळच्या उत्तम जमिनी क्षारपड व चोपण झाल्या. पाणी व खत यांचे परिणाम निचऱ्याच्या जमिनीत एक व निचरा नसलेल्या जमिनीत दुसरे असतात, याची किंमत येथील शेतकऱ्यांनी जमीन गमावून मोजली.

अशा ठिकाणी परस्परक्रियेचा दुसरा व अधिक गंभीर प्रकार संभवतो. एका जातीचे उत्पन्न चांगल्या जमिनीत हेक्टरी १३० टन व क्षारपड जमिनीत ६० टन, तर दुसरीचे अनुक्रमे ११० व ८० टन आहे, असे समजू. दोन्ही जातींची सरासरी ९५ टनच येते. जातीचा मुख्य परिणाम शून्य भरतो. या तक्त्यावरून दोन्ही जाती सारख्याच आहेत असा निष्कर्ष काढल्यास तो दोन्ही जमिनींच्या बाबतीत हेक्टरी २० टनांनी चुकतो. हे आकडेही केवळ समजुतीसाठी घेतलेले आहेत. प्रत्यक्षात, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने २००७ मध्ये प्रसारित केलेली फुले २६५ (को एम ०२६५) ही जात क्षारपड जमिनीतही तग धरते, हा तिचा विशेष गुण सांगितला जातो. केवळ चांगल्या जमिनीतील चाचण्यांवरून हा गुण दिसला नसता.

अवर्षणप्रवण भाग : सह्याद्रीच्या माथ्यावरील महाबळेश्वर येथे वर्षाला सु. ५,५०० मिमी.हून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडील माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत तो ५०० मिमी.च्या आसपास असतो. या पूर्व भागात रब्बी ज्वारी जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते व जमिनीच्या खोलीवर ओलीचा साठा अवलंबून असतो. म्हणून रब्बी ज्वारीच्या जातींची शिफारस जमिनीच्या खोलीनुसार केली गेली : हलक्या जमिनीस फुले अनुराधा व फुले माऊली, मध्यम जमिनीस फुले सुचित्रा व जुनी मालदांडी ३५-१, भारी जमिनीस फुले वसुधा व फुले यशोदा. हलक्या जमिनीत लवकर येणारी जात ओल संपण्यापूर्वी दाणा भरते; भारी जमिनीत उशिरा येणारी जात टिकलेल्या ओलीचा पूर्ण लाभ घेते. येथे परस्परक्रियेमागचे कारणही समजते, आणि कारण समजलेल्या परस्परक्रियेवर अधिक विसंबता येते. निव्वळ आकड्यांत दिसलेली, पण कारण न उमगलेली परस्परक्रिया पुढील हंगामात पुन्हा दिसेलच असे नाही.

अन्वयार्थाची पथ्ये : परस्परक्रियेचे मुख्यत्वे दोन प्रकार मानतात. पहिल्यात एका घटकाच्या पातळ्यांचा क्रम सर्वत्र तोच राहतो, फक्त अंतर कमीजास्त होते. दुसऱ्यात क्रमच उलटतो. रकान्यांची माध्ये आलेखावर मांडून रेषांनी जोडली, तर परस्परक्रिया नसताना रेषा जवळपास समांतर असतात, पहिल्या प्रकारात त्या एकमेकींपासून दूर किंवा जवळ जातात व दुसऱ्या प्रकारात त्या एकमेकींस छेदतात. पहिल्या प्रकारात मुख्य परिणामास काही अर्थ उरतो. दुसऱ्या प्रकारात तो पुष्कळदा दिशाभूल करतो. म्हणून विश्लेषणाचा तक्ता परस्परक्रियेच्या ओळीपासून वाचावा व ती लक्षणीय असल्यास एका घटकाचा परिणाम दुसऱ्याच्या प्रत्येक पातळीवर वेगळा तपासावा.

परस्परक्रिया लक्षणीय न ठरणे म्हणजे ती नसणे नव्हे. दोन घटकांच्या दोनदोन पातळ्या असलेल्या प्रयोगात प्रत्येक रकान्यात सारखीच निरीक्षणे असल्यास, फरकांमधील फरकाची प्रमाण त्रुटी मुख्य परिणामाच्या प्रमाण त्रुटीच्या दुप्पट असते. तेवढ्याच अचूकतेसाठी चौपट निरीक्षणे लागतात. त्यामुळे लहान प्रयोगांतून मोठी परस्परक्रियाही निसटू शकते. एका जातीत खताचा परिणाम लक्षणीय ठरला व दुसरीत ठरला नाही, एवढ्यावरून दोहोंचे प्रतिसाद भिन्न आहेत असे म्हणणे ही आणखी एक सार्वत्रिक चूक आहे. दोन प्रतिसादांतील फरकाचीच कसोटी घ्यावी लागते. प्रत्येक रकान्यात एकच निरीक्षण असेल, तर परस्परक्रिया व त्रुटी वेगळ्या करता येत नाहीत. अशा वेळी गुणाकारी स्वरूपाची परस्परक्रिया शोधण्याची एका मुक्तता मात्रेची कसोटी जॉन टूकी यांनी १९४९ मध्ये दिली.

मापनाची श्रेणीही लक्षात घ्यावी लागते. एका जमिनीत उत्पन्न २० वरून ३० टनांवर व दुसरीत ४० वरून ६० टनांवर गेले, तर टनांत पाहता परस्परक्रिया आहे. शेकडा प्रमाणात दोन्हीकडे वाढ ५० टक्केच असल्याने लॉगरिथम घेतल्यास ती नाहीशी होते. दोन्ही विधाने खरी आहेत. कोणते वापरावयाचे हे प्रश्नावरून ठरते. वनस्पतीच्या वाढीचा नियम शोधणाऱ्यास प्रमाण अधिक उपयोगी पडेल; ऊस टनावर विकणाऱ्या व खताची किंमत रुपयांत देणाऱ्या शेतकऱ्याच्या निर्णयास टनांतील फरकच महत्त्वाचा. श्रेणी बदलल्याने नाहीशी होणारी परस्परक्रिया पहिल्या प्रकारची असते. क्रम उलटविणारी परस्परक्रिया असे रूपांतर करून घालविता येत नाही.

घटकांची संख्या वाढली की परस्परक्रियांची संख्या झपाट्याने वाढते व त्यांपैकी एखादी केवळ योगायोगाने लक्षणीय ठरण्याचा संभव असतो. सर्वांना एकच सल्ला देणे जसे चुकीचे, तसे प्रत्येक शेतास वेगळा सल्ला देणेही शक्य नसते. कोणत्या बाबतीत सरासरीवर भिस्त ठेवावी आणि कोणत्या बाबतीत जमीन, हंगाम व जात पाहून शिफारशी वेगळ्या कराव्यात, याची सीमा आखण्याचे साधन म्हणून परस्परक्रियेच्या अभ्यासाचे महत्त्व आहे.